पीएचडी झाली, आता पोस्टडॉक? बायोमेडिकल आणि इमेजिंगमधल्या या नोकरीत पगार नक्की कोण देतं?

जळगावच्या पिंप्राळ्यातून महामार्गाने धुळ्याकडे निघालं की काही किलोमीटरवर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ लागतं. १९९० साली हे विद्यापीठ झालं आणि खान्देशातल्या मुलामुलींना घराजवळ पीएचडी करता येऊ लागली. पण नावाआधी ‘डॉ.’ लागलं की घरचे विचारतात, कायमची नोकरी कधी? विज्ञानात उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: आधी पोस्टडॉक.

ही पदवी आहे की नोकरी?

पदवी नाही. पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी केलेलं संशोधनाचं काम म्हणजे पोस्टडॉक. बायोमेडिकलमध्ये ते पेशी, जनुकं, औषधं यांवर चालतं. इमेजिंगमध्ये एमआरआय, पेट स्कॅन, कॉन्फोकल मायक्रोस्कोप यांतून मिळालेल्या प्रतिमांवर. इथे फक्त जीवशास्त्रवालेच लागतात असं नाही. एमआरआय मुळात भौतिकशास्त्रावर चालतो आणि प्रतिमांचं विश्लेषण कोडिंगवर, त्यामुळे फिजिक्स किंवा इंजिनीअरिंगच्या पीएचडीलाही मागणी असते.

पैसे कुणाच्या नावावर?

अर्ज करण्याआधी हे बघाच. पहिला प्रकार प्रकल्पातल्या जागेचा. प्राध्यापकाला सरकारी निधी मिळतो, त्यातून ‘रिसर्च असोसिएट’ नेमला जातो. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या दरांनुसार १ जानेवारी २०२३ पासून त्याला दरमहा ५८ हजार, ६१ हजार किंवा ६७ हजार रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. विशेष म्हणजे पीएचडी नसली, पण एम.फार्म. किंवा एम.टेक.नंतर तीन वर्षांचा अनुभव आणि मान्यताप्राप्त जर्नलमध्ये एक शोधनिबंध असेल तरी ही जागा मिळू शकते. अडचण एकच: प्रकल्प संपला की नोकरीही संपते.

दुसरा प्रकार स्वतःच्या नावावरच्या फेलोशिपचा. ‘नॅशनल पोस्ट डॉक्टोरल फेलोशिप’ दोन वर्षांची असते. संशोधनाचा प्रस्ताव तुमचा, मार्गदर्शक तुम्ही निवडलेला. वयोमर्यादा ३५, महिला, दिव्यांग, एससी, एसटी आणि ओबीसी उमेदवारांना पाच वर्षांची सवलत. पीएचडी रेंगाळली की सगळ्यात आधी हीच संधी हातची जाते.

जायचं कुठे?

पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, खारघरला टाटा स्मारकचं अ‍ॅक्ट्रेक, पवईत आयआयटी. प्रकल्पातल्या जागांसाठी बऱ्याचदा थेट मुलाखत असते आणि प्रवासखर्च मिळणार नाही हे जाहिरातीतच छापलेलं असतं. रात्रभर रेल्वेने मुंबई गाठायची, मुलाखत द्यायची आणि परत यायचं, तेही एका वर्षाच्या जागेसाठी. त्यामुळे तिकीट काढण्याआधी प्रकल्पाची किती मुदत उरली आहे, हे प्राध्यापकांना ईमेलवर विचारून घ्या. असं विचारण्यात गैर काहीच नाही.

परदेशातही हाच फरक आहे. अमेरिकेतल्या एनआयएचच्या ठरावीक प्रशिक्षण फेलोशिप तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतात, म्हणून तिथे गेलेल्या अनेक भारतीयांचा पगार प्राध्यापकाच्या निधीतून निघतो. युरोपची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप मात्र कुठल्याही देशाच्या नागरिकाला मिळू शकते. तिथे अट वयाची नाही, पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या वर्षांची आहे: जास्तीत जास्त आठ.