गळ्यावरील गांठ आणि तिचें निदान

देहांतील पुष्कळ व्याधी वस्त्राखालीं झांकतां येतात. गळ्याच्या पुढील बाजूस आलेली गांठ मात्र सर्वांच्या दृष्टीस पडते. त्यामुळें ती फार प्राचीन काळापासून लोकांना ठाऊक आहे. परंतु जें सहज दिसतें तें सहज कळतें असें नाहीं, हाच ह्या गांठीच्या इतिहासाचा सारांश होय.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं हा भेद ओळखला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड ह्या चौघांचा विचार एकाच अध्यायांत केलेला आहे. कारण दिसण्यांत त्या एकमेकींसारख्या असल्या, तरी त्यांची जात निराळी. चरकसंहितेंत गळ्याच्या बाजूस एकच सूज असेल तर गलगंड, आणि गांठींची माळच असेल तर गंडमाळा, असें सांगितलें आहे. म्हणजे गांठ पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न औषधाचा नव्हे, ओळखीचा आहे.

गलगंडाचें कारण मात्र कळण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. इ. स. १८११ मध्यें बर्नार्ड कूर्त्वा नांवाच्या फ्रेंच गृहस्थास सागरी शेवाळाच्या राखेंतून सोरा काढण्याच्या खटपटींत जांभळी वाफ दिसली, तेंच आयोडीन. १८२० मध्यें जिनीव्हाच्या क्वांदे ह्या वैद्यानें तें गलगंडावर दिलें. गांठी लहान झाल्या. परंतु कांहीं रोग्यांची छाती धडधडूं लागली, ते खंगूं लागले, आणि औषधाची अपकीर्ति झाली. औषध खोटें नव्हतें. कोणाला, किती आणि कशासाठीं द्यावें ह्याचें ज्ञान अपुरें होतें. १८९५ मध्यें बाऊमान ह्या जर्मन शास्त्रज्ञास कंठांतील अवटु ग्रंथींत, म्हणजे थायरॉईडमध्यें, आयोडीन सांपडलें, तेव्हां कोठें त्या दोहोंचा संबंध उलगडला.

शस्त्रवैद्यांचा अनुभवहि असाच बोधप्रद आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर हे ही ग्रंथि अत्यंत कौशल्यानें काढीत. परंतु सबंध ग्रंथि काढलेले रोगी पुढें सुस्त व मंदबुद्धि होतात, असें त्यांना आढळून आलें व १८८३ मध्यें त्यांनीं तें स्वतःच जाहीर केलें. ग्रंथि निरुपयोगी नाहीं, हें त्यामुळें जगास कळलें. १९०९ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या देशांत १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी ह्यांनीं हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यांत प्रयोग केला. कांहीं विभागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका विभागांत साधें मीठ दिलें. जेथें आयोडीन पोंचलें तेथें गलगंड ओसरत गेला. १९६२ मध्यें राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्यें त्याचें नांव आयोडीन-न्यूनता विकारांचें नियंत्रण असें व्यापक करण्यांत आलें, कारण ह्या न्यूनतेचा घाव गळ्यापेक्षां गर्भांतील बालकाच्या बुद्धीवर अधिक खोल बसतो.

परंतु ह्या यशांतूनच एक नवा भ्रम उत्पन्न होऊं शकतो. 'गळा सुजला, म्हणजे मीठ बदला' एवढ्यानें भागत नाहीं. कारण गांठ थायरॉईडची असेल, किंवा क्षयाच्या जंतूंनीं सुजलेल्या रसग्रंथीची असेल, किंवा क्वचित् कर्करोगाचीहि असेल. येथें एक सोपी खूण उपयोगी पडते. पाण्याचा घोट गिळतांना थायरॉईडची गांठ वर सरकते. रसग्रंथींची माळ सहसा सरकत नाहीं. पुढें रक्ताची चांचणी, ध्वनिलहरींची सोनोग्राफी, आणि संशय असेल तेथें बारीक सुईनें पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें, असा क्रम आहे. सुईची ही पद्धत १९३० मध्यें न्यूयॉर्कच्या मार्टिन व एलिस ह्यांनीं प्रसिद्ध केली आणि स्वीडनच्या वैद्यांनीं पुढें ती रूढ केली. थायरॉईडच्या बहुतेक गांठी निरुपद्रवी ठरतात. पण ती निरुपद्रवी आहे हें तपासाअंतीं ठरवावयाचें असतें, आधीं गृहीत धरावयाचें नसतें. झपाट्यानें वाढणारी, कठीण, आवाज घोगरा करणारी वा गिळण्यास अडथळा आणणारी गांठ तर एक दिवसहि घरीं ठेवूं नये.

हें सर्व चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनप्रदेशांत कसें घडावें? २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरमधून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु भामरागडच्या बाजूस पर्लकोटेला पूर आला कीं वाट तुटे, आणि रोगी वाटेकडे पाहत राही. अशा ठिकाणीं १९७३ मध्यें हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. पुढें गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं गांवांत जाऊन तपासणी केली, आणि १९८९ मध्यें त्यांनीं 'लॅन्सेट'मध्यें दाखवून दिलें कीं, दोन खेड्यांतील बहुसंख्य स्त्रिया न बोलतां स्त्रीरोग सोशीत होत्या. जी व्याधि झांकली जाते तिच्याविषयींचा हा धडा गळ्यावर दिसणाऱ्या गांठीसहि लागू आहे. दिसूनहि न विचारलेली व्याधि झांकलेलीच राहते. २०१५ मध्यें चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्यापूर्वीं पुष्कळांना नागपूरच्या १९४७ मधील वैद्यकीय महाविद्यालयाची, किंवा मुंबईस १९४१ मध्यें सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावी लागे.

आतां वाट जवळ आली आहे. पण तिच्यावर पहिलें पाऊल घरांतूनच पडावयाचें असतें. गळ्यास डाग देण्यांत, लेप लावण्यांत किंवा 'आपोआप जाईल' म्हणण्यांत गेलेले महिने पुढें कोणतेंहि रुग्णालय परत देऊं शकत नाहीं. क्वांदेचें औषध खरें असूनहि ज्यांना तें बाधलें, आणि कोखरचे हात कुशल असूनहि ज्यांनीं आपली बुद्धि गमावली, त्या रोग्यांनीं जगास शिकविलें तें एवढेंच कीं, उपचाराआधीं ओळख हवी. वनांतील एखाद्या पाड्यावर आरशापुढें उभी राहून गळा चांचपणाऱ्या स्त्रीला ह्याच एका गोष्टीची सर्वांत अधिक गरज आहे.