कात्रजचं पाणी कुणी कुणी प्यायलं

पुण्यात नवीन माणसानं पेठेतला पत्ता विचारला, की त्याला हमखास एखादा हौद सांगतात. फडके हौदावरून वळा, काळ्या हौदाच्या अलीकडे थांबा, बदामी हौदापाशी कुणालाही विचारा. तो माणूस पाणी शोधत राहतो आणि त्याला दिसतात रिक्षा, दुकानं, माणसांची वर्दळ. तळ्यातल्या गणपतीला जाणाऱ्यांचंही तसंच होतं. सारसबागेतलं ते देऊळ एके काळी खरोखर तळ्याच्या मधोमध बेटावर होतं. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी करवलेलं ते तळं पुढं आटलं, तिथं हिरवळ आली. नाव मात्र अजून ओलं आहे.

माझे वडील पालिकेच्या पाणी खात्यात फिटर होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. पेठांमधून चालताना ते मध्येच थांबायचे, पायानं रस्त्यावर दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "ह्याच्या खालून कात्रज जातं." मला तेव्हा वाटायचं, जमिनीखालून आख्खं गावच चाललंय.

कात्रजचा नळ हे त्याचं नाव, पण नळ म्हणताना लोखंडी पाइप डोळ्यांपुढे आणू नये. तो जमिनीखालचा बांधीव बोगदा आहे, माणूस आत शिरून चालू शकेल एवढा. १७५०च्या सुमारास नानासाहेबांनी तो बांधायला घेतला. कात्रजला आंबील ओढ्यावर दोन बंधारे घातले. वरच्या तळ्यात गाळ बसायचा आणि निवळ पाणी खालच्या तळ्यातून बोगद्यात शिरायचं. तिथून शनिवारवाड्यापर्यंत ते निव्वळ उतारावर चालत यायचं. ना पंप, ना मोट. उतार फार ठेवला तर पाणी चुना खरवडून काढणार, कमी ठेवला तर गाळ साचून तुंबणार. तेवढं बेतून त्या गवंड्यांनी कित्येक मैल काम ओढत आणलं. त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली मी पाहिली नाहीत.

वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. म्हणजे जमिनीतून वर काढलेली दगडी तोंडं. त्यांतून हवा खेळायची, पाण्याचा जोर उतरायचा आणि गाळ काढायला माणूसही आत उतरायचा. खात्यातली माणसं त्यांना उसासे म्हणायची. मी आठ वर्षांची असताना दादांनी मला उचलून एका उसाशाच्या तोंडावर धरलं होतं. खालून गार, शेवाळी वास आला आणि खूप खोलवर पाणी बोलत असल्यासारखा आवाज. तो मला अजून ऐकू येतो.

गावात शिरल्यावर हे पाणी हौदांत पडायचं. एक भरला की पुढच्यात. काही सरदारांच्या वाड्यांत, काही रस्त्यावर. तिथून ते पखालींतून, कावडींतून, बायकांच्या डोक्यांवरून घराघरांत जायचं. कात्रजच्या कामाचं कौतुक आपण पुणेकर भरभरून करतो, आणि ते करावं असंच आहे. पण "सार्वजनिक हौद" हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्या हौदात घागर बुडवायची मुभा सगळ्यांना नव्हती. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जायचा, त्यांनी हौदापासून लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर प्यायचं. बोगद्याच्या इतिहासात हे लिहिलं नाही, तर तो इतिहास अर्धाच राहतो.

म्हणून माझ्या लेखी पुण्यातले सगळ्यांत मोठे हौद आकारानं सगळ्यांत लहान आहेत.

पहिला गंज पेठेतला, जोतीराव फुल्यांच्या घरचा. १८६८ साली त्यांनी तो अस्पृश्यांना खुला केला. घरचा हौद, घरची दोरी, घरचीच माणसं काढायला, आणि शेजार सगळा विरोधात. त्या पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. वाडा जपलेला आहे आणि तिथल्या विहिरीशी उभं राहता येतं. मी शाळेच्या मुलींना तिथं नेत असे. त्यांना आधी विहिरीत डोकावू द्यायची आणि मग सांगायची, की ह्यात डोकावायचीही बंदी असलेल्या मुली याच शहरात होत्या.

दुसरा बुधवार पेठेत, फरासखान्यापाशी. बाहुलीचा हौद. रोज हजारो माणसं तिथून जातात आणि ते नाव ऐकून खेळण्यांची गल्ली असेल असं समजतात. डॉ. विश्राम रामजी घोले नावाजलेले शस्त्रवैद्य होते आणि सत्यशोधक समाजाचे पुढारी. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या जोतीरावांवर पुढं त्यांनीच उपचार केले. त्यांनी आपल्या काशीबाईला, लहानग्या लेकीला, शिकवायला सुरुवात केली. घरातल्या जुन्या वळणाच्या माणसांना ते खपलं नाही. त्यांनी लाडवातून काच घालून पोरीला खाऊ घातली असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. १८७७ साली काशीबाई गेली. जेमतेम आठ वर्षांची होती. बापानं तिच्या नावानं १८८० साली हौद बांधला, त्यावर बाहुली बसवली आणि तो सर्व जातींना मोकळा ठेवला.

मी या हौदापाशी पोचले की पुढचं बोलायला मला वेळ लागतो. पोरीच्या मरणानंतर बापानं दार लावून घेतलं असतं तर कोण काय म्हणालं असतं? त्यानं पाणी वाटलं, तेही असं की एका तोटीखाली कुणाचीही ओंजळ यावी.

आणि त्यानंतर दहाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १८९० रोजी, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा झाला. गोपाळराव जोश्यांनी, डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, घाट घातलेला. कोण कोण हजर होते ते त्यांनीच 'पुणे वैभव'मध्ये छापून आणलं. पेल्याला ओठ लावला की नाही यावर गाव पेटलं आणि टिळक-रानड्यांसारख्यांवरसुद्धा जाब द्यायची, प्रायश्चित्ताची वेळ आली. पाच हौदांच्या नावाच्या जागी घोटभर चहावरून एवढं झालं.

पुढं खडकवासल्याच्या धरणाचं पाणी आलं, घरोघर तोट्या झाल्या आणि हौद ओस पडले. ते पुन्हा जागे झाले १२ जुलै १९६१ नंतर. पानशेतचं धरण फुटलं, खडकवासलाही गेलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या आणि सगळ्या पुण्याच्या तोट्या कोरड्या झाल्या. मी नऊ वर्षांची होते. आमचं शुक्रवारातलं घर बचावलं होतं. दादा तीन दिवस घरी आले नाहीत. आजी मला घेऊन हौदावर गेली. तिच्याकडे तांब्याची घागर, माझ्याकडे डालड्याचा डबा.

आजी शिवाशीव पाळायची. पिण्याचा हंडा तिच्याशिवाय कुणी हलवायचा नाही. त्या दिवशी रांगेत मंगळवारातल्या बायका होत्या, सोमवारातल्या होत्या, काहींच्या अंगावरचा चिखल अजून वाळायचा होता. हौदाच्या कडेला आजीची घागर आणि एका बाईचं जर्मनचं पातेलं ठणकन एकमेकांवर आदळलं. ती बाई पटकन मागं सरली. आजीच्या घरगुती नियमाप्रमाणे आता ते पाणी ओतून द्यायचं, घागर घासायची आणि पुन्हा भरायची.

आजीनं बाईकडे पाहिलं. "किती माणसं घरात?"

"सात. घर नाही राहिलं."

आजीनं आपल्या घागरीतलं पाणी त्या पातेल्यात कडेपर्यंत ओतलं आणि घागर पुन्हा हौदात बुडवली. घरी आल्यावर तिनं तीच घागर देवापुढे ठेवली.