प्रतिष्ठान अनुदान

प्रतिष्ठान अनुदान म्हणजे एखाद्या धर्मादाय न्यासाने किंवा प्रतिष्ठानाने स्वयंसेवी संस्थेला विशिष्ट कार्यासाठी, ठरावीक मुदतीकरिता आणि लेखी करारानुसार दिलेले अर्थसाहाय्य होय. हे साहाय्य परत करावयाचे नसते. या अर्थाने ते कर्जाहून वेगळे आहे. सर्वसाधारण देणगीत देणाऱ्याची अपेक्षा बहुधा पावतीपुरती असते. अनुदानात मात्र कार्याचा आराखडा, अंदाजपत्रक, अहवाल आणि हिशेब ही बंधने असतात. आरोग्य, शिक्षण, पाणलोट विकास, महिला बचत गट, आदिवासींचे हक्क, अपंगांचे पुनर्वसन अशा क्षेत्रांत गावपातळीवर काम करणाऱ्या अनेक संस्थांचा खर्च अशा अनुदानांतून चालतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः भारतातील पद्धतीचा विचार केला आहे.

इतिहास

धर्मशाळा, पाणपोई, अन्नछत्र, विद्यार्थ्यांसाठी वार लावून जेवण अशा रूपांत दानाची परंपरा भारतात जुनी आहे. कायम निधी बाजूला ठेवून त्याच्या उत्पन्नातून विश्वस्तांमार्फत इतर संस्थांना साहाय्य करण्याची आधुनिक पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र निधी स्थापन केला. त्यांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाला, तसेच दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला आर्थिक साहाय्य केले. त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये सर रतन टाटा न्यास, तर १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा न्यास अस्तित्वात आला. १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालेली समाजकार्य शिक्षणाची संस्था (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय ही दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने उभी राहिली.

महाराष्ट्रातील अनेक संस्था लहान देणग्या, वर्गणी व धान्यरूपी मदत यांवर वाढल्या. मोठ्या देणगीबरोबर येणाऱ्या अटींचे परिचित उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे आहे. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले.

अमेरिकेत कार्नेगी कॉर्पोरेशन (१९११) व रॉकफेलर प्रतिष्ठान (१९१३) यांनी या क्षेत्राला संघटित रूप दिले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या फोर्ड प्रतिष्ठानाने १९५२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले. अमेरिकेबाहेरचे ते त्याचे पहिले कार्यालय होते. अमेरिकेतील मराठी भाषकांनी १९७८ मध्ये स्थापन केलेले महाराष्ट्र फाउंडेशन महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांना साहाय्य करते. एकविसाव्या शतकात अझीम प्रेमजी प्रतिष्ठान हे देशातील मोठ्या अनुदानदात्यांपैकी एक ठरले.

प्रकार

अनुदानाचे ढोबळमानाने पुढील प्रकार पडतात :

प्रकल्प अनुदान – ठरलेल्या उपक्रमासाठी, बहुधा एक ते तीन वर्षांकरिता. हा सर्वाधिक प्रचलित प्रकार आहे.

सर्वसाधारण अनुदान – संस्थेच्या एकूण कार्यासाठी. कोणत्या बाबीवर किती खर्च करावा हे संस्था ठरवते.

स्थायी निधी अनुदान – मुद्दल राखून केवळ उत्पन्न वापरण्यासाठी.

भांडवली अनुदान – इमारत, वाहन, उपकरणे यांसाठी.

क्षमताविकास अनुदान – प्रशिक्षण, हिशेबव्यवस्था, संगणकीकरण यांसाठी.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रात संस्थेची नोंदणी सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम (मूळचा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०) या दोन्हींखाली होते. दुसऱ्या अधिनियमानुसार संस्थेला लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. विश्वस्तमंडळात बदल झाल्यास त्याची नोंद करून घेणेही आवश्यक असते. ही नोंद प्रलंबित राहिली, तर सह्यांचे अधिकार कोणाकडे आहेत, असा प्रश्न अनुदानदाता किंवा बँक उपस्थित करू शकते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी म्हणूनही नोंदणी करता येते.

आयकर अधिनियम, १९६१ मधील तरतुदींनुसार नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी वापरणे अपेक्षित होते. एका न्यासाने दुसऱ्याला दिलेली रक्कम पूर्वी पूर्णपणे असा वापर मानली जात असे. वित्त अधिनियम, २०२३ ने त्यापैकी ८५ टक्केच रक्कम ग्राह्य धरण्याची तरतूद केली. अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानांना मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के रक्कम दरवर्षी वाटावी लागते. भारतातील नियम मालमत्तेऐवजी उत्पन्नावर आधारलेला आहे.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. त्यामुळे अनेक कंपन्यांनी स्वतःची प्रतिष्ठाने स्थापन केली. असा निधी घेणाऱ्या संस्थांना १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. संस्थेच्या स्थायी निधीत भर घालण्यासाठी ही रक्कम वापरता येत नाही.

परदेशी निधीसाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू आहे. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी आणि मागील तीन वर्षांत तिने आपल्या मुख्य कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत, अशी अट आहे. सप्टेंबर २०२० मधील दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, परदेशी निधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारणे बंधनकारक केले आणि एका संस्थेने हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण मनाई केली.

प्रक्रिया

अनुदानाची प्रक्रिया सर्वसाधारणपणे संक्षिप्त टिपण, सविस्तर प्रस्ताव, कागदपत्रांची छाननी, प्रत्यक्ष भेट, विश्वस्तमंडळाची मंजुरी व करार या क्रमाने होते. प्रस्तावात प्रश्नाचे स्वरूप, लाभार्थी, कृती, अपेक्षित बदल, त्याच्या मोजमापाची पद्धत आणि बाबनिहाय अंदाजपत्रक द्यावे लागते. नोंदणी प्रमाणपत्रे, घटना, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब व विश्वस्तांची यादी सोबत जोडतात. रक्कम बहुधा हप्त्यांनी मिळते. आधीच्या हप्त्याचा कार्य अहवाल व उपयोगिता प्रमाणपत्र सादर झाल्यावर पुढील हप्ता दिला जातो. अहवालाला किंवा त्याच्या तपासणीला विलंब झाल्यास कार्यकर्त्यांचे मानधन थकते.

समस्या व टीका

अनुदानदाते बहुधा उपक्रमांचा खर्च देतात. कार्यालयाचे भाडे, लेखनिकाचे वेतन, लेखापरीक्षणाचे शुल्क यांसाठी अपुरी तरतूद करतात. हा खर्च कमी दाखवण्याकडे संस्थांचा कल होतो, त्या आकड्यांवरून दात्यांची अपेक्षा आणखी कमी होते आणि संस्था दुबळ्या होत जातात. अमेरिकेतील अभ्यासकांनी २००९ मध्ये या प्रक्रियेला ‘उपासमारीचे चक्र’ अशा अर्थाचे नाव दिले. कंपन्यांच्या निधीबाबत एक गैरसमजही आढळतो. नियमांतील ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला लागू आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही, असे मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

मुदत हा दुसरा प्रश्न आहे. दारूबंदी, कुपोषण, वनहक्क यांसारख्या कामांत लोकांचा विश्वास संपादन करण्यासच काही वर्षे जातात, तर अनुदान त्याआधी संपू शकते. अनुदान संपल्यावर प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते अन्यत्र जातात आणि गावाशी जुळलेला संबंध तुटतो.

निधी वर्ग करण्यावरील मनाईचा परिणाम लहान संस्थांवर विशेषत्वाने झाला. पूर्वी शहरातील मोठी संस्था परदेशी अनुदान घेऊन त्यातील भाग स्वतंत्र नोंदणी व इंग्रजी प्रस्तावलेखन जमू न शकणाऱ्या ग्रामीण संस्थांना देत असे. हा मार्ग बंद झाला. निधीचा माग ठेवणे व गैरवापर रोखणे यांसाठी ही तरतूद आवश्यक असल्याची शासनाची भूमिका आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्तीतील प्रमुख तरतुदी वैध ठरवल्या.

या अडचणींवर उपाय म्हणून दीर्घ मुदतीची व विनाअट अनुदाने, स्थानिक भाषेत प्रस्ताव स्वीकारणे, अहवालांची संख्या कमी करणे आणि स्थानिक देणग्यांची जोड देणे हे मार्ग सुचवले जातात. मॅकेंझी स्कॉट यांनी २०२० पासून मोठ्या प्रमाणावर दिलेली विनाअट अनुदाने या संदर्भात अनेकदा उल्लेखिली जातात.