तानसा अभयारण्य
तानसा अभयारण्य : महाराष्ट्र राज्यातील एक वन्यजीव अभयारण्य. क्षेत्रफळ सु. ३०० चौ. किमी. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात तानसा जलाशयाच्या परिसरात व माहुली गडाच्या उतारांवर ते पसरले असून त्याचा काही भाग पालघर जिल्ह्यातील वाडा व मोखाडा तालुक्यांत मोडतो. प्राणिसंग्रहालयातील पिंजरे येथे नाहीत. सह्याद्रीच्या पायथ्याचे मूळचे प्राणी त्यांच्याच रानात पाहावे लागतात व पुष्कळदा ते दिसतही नाहीत.

माहुलीचा इतिहास बहुश्रुत आहे. निजामशाही वाचविण्याचा शहाजी भोसले यांचा अखेरचा प्रयत्न १६३६ मध्ये येथेच संपला. पुरंदरच्या तहाने (१६६५) मोगलांकडे गेलेला हा गड १६७० मध्ये मराठ्यांनी परत घेतला. तथापि आजचे अरण्य टिकले, ते गडामुळे नव्हे, मुंबईच्या तहानेमुळे. विहार व तुळशी तलावांचे पाणी अपुरे पडू लागल्याने तानसा नदीवर दगडी धरण बांधण्यात आले (१८९२). जलाशयाच्या पाणलोटासाठी भोवतीची झाडी राखणे क्रमप्राप्त झाले. १९७० मध्ये या वनाला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

वन पानझडी असून त्यात साग, ऐन, खैर, कळंब, बिवळा व बांबू आढळतात. बिबट्या, तरस, भेकर, चौशिंगा, रानडुक्कर हे येथील प्रमुख प्राणी होत.

या वनाचे महत्त्व खऱ्या अर्थाने सिद्ध केले, ते रानपिंगळा या लहानशा घुबडाने. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिलेल्या या पक्ष्याचा अखेरचा विश्वसनीय नमुना १८८४ मध्ये खानदेशात मिळाला होता. १९१४ मध्ये तापीकाठी तो मिळाल्याचा रिचर्ड माइनर्टझागेन यांचा दावा पुढे बनावट ठरला. जाती नष्ट झाली, असे मानले जात असता १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. सातपुड्याच्या परिसरापुरता मानला गेलेला हा पक्षी २०१४ मध्ये तानसात आढळला. पश्चिम घाटातील ही त्याची पहिलीच नोंद होय. जुनी, पोकळ ढोली असलेली झाडे त्याला घरट्यासाठी लागतात. लाकूडतोडीच्या दृष्टीने अशी झाडे निरुपयोगी, म्हणून तीच आधी काढली जातात.

अभयारण्याच्या परिसरात वारली, कातकरी, ठाकूर व महादेव कोळी यांचे पाडे आहेत. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या या तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.