हवेची रंगीत तालीम

सैनिकांना आजवर नाना कामांना जुंपले गेले. पण नुसते हजर राहून श्वास घेण्याची कामगिरी क्वचितच मिळाली असेल. लंडनमध्ये १८३६ साली ती मिळाली.

ऑक्टोबर १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेची इमारत आगीत जळाली. कॉमन्स सभागृह तात्पुरत्या जागेत गेले. तिथे हवा खेळती ठेवण्याचे काम डेव्हिड बॉस्वेल रीड या एडिनबरोच्या रसायनशास्त्र शिक्षकाकडे आले. खालून, जमिनीतल्या बारीक छिद्रांतून हवा आत यायची आणि छतातून वर निघून जायची. बाहेरच्या धुराड्यातली आग ती खेचून घेई. व्यवस्था तयार झाल्यावर रीडने रिकाम्या सभागृहावर विश्वास टाकला नाही. शेकडो सैनिक आत भरून त्याने चाचणी घेतली.

का? बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. ४०० माणसे म्हणजे ४० किलोवॅट; दोन किलोवॅटचे २० हिटर एकदम लावल्यासारखे! ही ऊब हवेला वर ढकलते. म्हणून भरलेल्या सभागृहातली हवा रिकाम्या सभागृहासारखी वागत नाही.

एवढे करूनही तक्रारी संपल्या नाहीत. कोणाला उकडे, कोणाला गारठा. नव्या संसदभवनात वास्तुकार चार्ल्स बॅरीशी रीडचे जमले नाही आणि १८५२ मध्ये त्याला दूर करण्यात आले. पद्धत मात्र मोलाची ठरली.

सैनिकांची जागा पुढे आकड्यांनी घेतली. डेन्मार्कच्या पीटर नीलसन यांनी १९७४ च्या आपल्या प्रबंधात खोलीतल्या हवेचा प्रवाह संगणकावर मांडला. खोलीचे छोटे छोटे कप्पे कल्पायचे आणि प्रत्येकात हवा किती आली, किती गेली, ऊब किती वाढली याचा ताळेबंद जुळवायचा. आज असे लाखो कप्पे सोडवून पंखा, खिडकी, झरोका कुठे हवा ते बांधकामाआधीच पाहता येते.

पण संगणकाला माणसे कुठे बसणार, ऊन कुठून येणार, हे आपणच सांगावे लागते. रिकामी खोली सांगितली, तर रंगीत चित्र सुंदर येते आणि खोटे ठरते.

बर्फातल्या तंबूत बुखारी पेटवणाऱ्या जवानाला ठाऊक असते, की ऊब आणि ताजी हवा दोन्ही लागतात. एक सोडली तर जीव जातो. बंद खोलीतल्या हवेची किंमत २०२० नंतर साऱ्या देशाला कळली. तेव्हा शाळेचा किंवा रुग्णालयाचा नकाशा समोर आला, की सही करण्याआधी एकच विचारा: हिशेबात माणसे बसवली आहेत ना?