महिंद्रा युनायटेड

मुंबई येथील एक ख्यातनाम फुटबॉल संघ (१९६२–२०१०). ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ या उद्योगसंस्थेच्या कर्मचाऱ्यांचा संघ म्हणून त्याची स्थापना झाली. पुढे तो पूर्णतः व्यावसायिक संघ बनला. १९९६ ते २००७ या काळात चाललेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळविणारा महाराष्ट्रातील हा एकमेव संघ होय. विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांत मालक संस्थेने तो विसर्जित केला. त्यामुळे भारतातील ‘कंपनी संघ’ या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी ज्या संघांच्या इतिहासात स्पष्ट दिसतात, त्यांत त्याची गणना करावी लागते.

पार्श्वभूमी : मुंबईतील फुटबॉल मुळात लष्करी पलटणींचा खेळ होता. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेचा पहिला विजेता वूस्टरशर रेजिमेंटचा संघ होता. त्यानंतर सु. ४५ वर्षे हा चषक गोऱ्या संघांकडेच राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो प्रथमच भारतीयांच्या हाती आणला. १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही संघटना स्थापन झाली आणि कूपरेजचे मैदान शहरातील फुटबॉलचे केंद्र बनले. पिंपे बनविण्याच्या कारखान्यावरून नाव पडलेले हे मैदान दक्षिण मुंबईच्या कचेऱ्यांच्या वस्तीत आहे. मुंबईच्या फुटबॉलचे पुढील वळण समजण्यास ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. कलकत्त्यातील मोठे संघ एखाद्या समाजाच्या किंवा प्रादेशिक अस्मितेच्या आधारावर वाढले, गोव्यातील फुटबॉल गावांत रुजला. मुंबईत मात्र संघ उभे केले ते कचेऱ्यांनी. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया अशी त्यांची नामावळी सांगता येते. नेव्हिल डिसोझा (१९३२–८०) हा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा खेळाडू याच व्यवस्थेत वाढला. कॅलटेक्स संघाने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक जिंकला.

या व्यवस्थेचा गाभा नोकरी हा होता. माहीम, वांद्रे, ओर्लेमपासून वसईपर्यंतच्या वस्त्यांतील चर्चच्या आणि शाळांच्या मैदानांवर खेळणाऱ्या मुलाला फुटबॉलमुळे कारकुनाची किंवा कारखान्यातील कायम जागा मिळत असे. सकाळी हजेरी, दुपारनंतर सराव, सामन्याच्या दिवशी सवलत आणि खेळ संपल्यावरही निवृत्तीपर्यंत पगार, असा हा व्यवहार होता. पगार फार नसे. परंतु गुडघा दुखावला म्हणून चूल विझत नसे. क्रीडासमीक्षकांनी या पद्धतीला ‘हौशी’ असे नाव दिले. ते अर्धेच खरे आहे. खेळाडूच्या दृष्टीने ती हौस नव्हती, उपजीविका होती.

स्थापना व वाटचाल : महिंद्रा ही संस्था १९४५ मध्ये मुंबईत ‘महिंद्र अँड मोहमद’ या नावाने सुरू झाली. तिचे एक भागीदार गुलाम मोहमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले व पुढे त्या देशाचे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये संस्थेचे नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे करण्यात आले. विलिज जीपची जुळणी हा तिचा आरंभीचा प्रमुख व्यवसाय होता. त्यावरूनच पुढे फुटबॉल संघाला ‘जीपमेन’ हे टोपणनाव पडले. १९६२ मध्ये संस्थेच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या क्रीडामंडळातून हा संघ उभा राहिला. प्रारंभीची बरीच वर्षे त्याचे क्षेत्र मुंबईतील हार्वुड लीग आणि स्थानिक चषक स्पर्धा यांपुरतेच मर्यादित होते. या काळातील संघ चांगला होता, परंतु शहरातील इतर कचेऱ्यांच्या संघांहून तो वेगळा ठरावा असे त्यात फारसे काही नव्हते.

वेगळेपण आले ते १९९० नंतरच्या दशकात. गिरण्यांचे व जुन्या कंपन्यांचे संघ एकेक करून मागे पडत होते. १९९६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू केली. पंजाबातील जेसीटी या कापडगिरणीचा संघ तिचा पहिला विजेता ठरला, म्हणजे याही स्पर्धेची सुरुवात कंपनी संघानेच झाली. आता संघाला हंगामभर देशात फिरणे, परदेशी खेळाडू आणणे व पूर्णवेळ प्रशिक्षक नेमणे आवश्यक झाले. महिंद्राच्या व्यवस्थापनाने हा खर्च स्वीकारला. १९९८ मध्ये संघाने ड्यूरँड चषक जिंकला. १८८८ मध्ये सुरू झालेली ही देशातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा होय.

२००० मध्ये संघाने ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव घेतले. हा बदल केवळ शोभेचा नव्हता. कर्मचारी मंडळाचा संघ आता करारबद्ध खेळाडूंचा संघ झाला होता, हे त्यातून जाहीर झाले. मात्र नव्या नावात कंपनी राहिली, शहर आले नाही. २००१ मध्ये दुसऱ्यांदा ड्यूरँड चषक आणि २००३ मध्ये फेडरेशन चषक संघाने मिळविला.

विजेतेपदाचा हंगाम : २००५-०६ हा संघाच्या इतिहासातील सर्वोच्च हंगाम होय. गोव्याचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू डेरिक परेरा हे त्या वेळी प्रशिक्षक होते. २००५ चा फेडरेशन चषक संघाने स्पोर्टिंग क्लब द गोवाचा पराभव करून जिंकला आणि त्यापाठोपाठ राष्ट्रीय लीगचे विजेतेपदही मिळविले. लीगच्या आरंभापासून तोपर्यंत विजेतेपद पंजाब, बंगाल व गोवा यांच्याबाहेर गेले नव्हते.

या संघाची घडण पाहण्यासारखी आहे. आघाडीला घानाचा युसिफ याकुबू व ब्राझीलचा होसे रामिरेझ बार्रेतो होते. बार्रेतो त्याआधी व नंतरही कलकत्त्याच्या मोहन बागानचा लाडका खेळाडू होता. मधल्या फळीत केरळचा एन. पी. प्रदीप व मुंबईचा स्टीव्हन डायस होते. खलिद जमील हा मुंबईच्या मैदानांशी दीर्घकाळ निगडित असलेला खेळाडूही त्या वर्षांत संघात होता. म्हणजे कचेरीच्या हजेरीपटावरील नावांऐवजी देशभरातून व परदेशांतून निवडून आणलेले खेळाडू येथे दिसतात. तरीही स्थानिक खेळाडूंचा धागा तुटला नव्हता. या संघाचे खरे यश चषकांपेक्षा या मेळात शोधावे लागेल.

लीग विजेता म्हणून संघाने २००७ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या एएफसी चषक स्पर्धेत भाग घेतला व उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षी प्रदीपने नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध भारताचा विजयी गोल नोंदविला. २००६ व २००८ मध्ये आयएफए शील्ड आणि २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्यूरँड चषक महिंद्रा युनायटेडने जिंकला.

विसर्जन : २००७ मध्ये राष्ट्रीय लीगची जागा आय-लीगने घेतली. २०१० मध्ये, हंगाम चालू असतानाच, त्या हंगामानंतर संघ बंद करण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला. यापुढे शालेय व युवक पातळीवरील फुटबॉलला साहाय्य करण्याचे धोरण तिने सांगितले. संघ मैदानावर दुबळा झाला होता असे म्हणता येत नाही. २००८ मध्येच त्याने दोन मोठे चषक जिंकले होते. निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीतला होता, आणि तो घेण्याचा अधिकार सर्वस्वी कंपनीचा होता. अडचण नेमकी तीच होती. जुन्या पद्धतीत संघ बंद पडला तरी खेळाडूची नोकरी टिकत असे. नव्या पद्धतीत करार संपला की संबंध संपला. खेळाडूंना इतर संघांचा आसरा शोधावा लागला. महिंद्रा युनायटेडचा वारसा सांगणारा दुसरा संघ उभा राहिला नाही.

जपानशी तुलना : जपानी फुटबॉलचा पायाही कंपनी संघांचाच होता, त्यामुळे येथे तुलना उद्‌बोधक ठरते. १९६५ मध्ये सुरू झालेल्या जपान सॉकर लीगमधील आठ संघांत मित्सुबिशी, फुरुकावा, हिताची, यानमार, तोयो इत्यादी उद्योगांचे संघ होते. खेळाडू हे त्या त्या कंपनीचे नोकर असत, मुंबईप्रमाणेच. या पायावर जपानने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. मात्र १९९३ मध्ये दहा संघांसह जे-लीगचे सामने सुरू झाले, तेव्हा साबुरो कावाबुची या अध्यक्षाने संघाच्या नावात गाव असावे, कंपनी नसावी असा आग्रह धरला. प्रत्येक संघ स्वतंत्र संस्था असावा व त्याने युवक संघ चालवावेत अशाही अटी होत्या. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड्‌स झाला, निस्सानचा योकोहामा मारिनोस, यानमारचा सेरेझो ओसाका. पैसा बराचसा कंपन्यांचाच राहिला. परंतु संघाचे नाव गावाला मिळाले, आणि नावाबरोबर हक्काची भावनाही.

या भावनेची कसोटी १९९८ मध्ये लागली. योकोहामा फ्लूगेल्स या संघाचा एक आश्रयदाता बाजूला झाला आणि दुसऱ्या आश्रयदात्याने, म्हणजे ऑल निप्पॉन एअरवेज या विमान कंपनीने, तो मारिनोसमध्ये विलीन करण्याचे ठरविले. फ्लूगेल्सने आपला अखेरचा सामना, १ जानेवारी १९९९ रोजीचा सम्राट चषकाचा अंतिम सामना, जिंकला व त्यानंतर संघ संपला. तथापि पाठीराख्यांनी विलीनीकरण मान्य केले नाही. त्यांनी १९९९ मध्ये योकोहामा एफसी हा नवा संघ स्थापन केला आणि २००७ च्या हंगामात तो जे-लीगच्या वरच्या श्रेणीत खेळला. कंपनीच्या एका निर्णयाने संघ संपतो, हे जपानमध्येही घडले. फरक इतकाच, की तेथे त्या निर्णयानंतर मैदानात उतरणारे कोणी तरी होते. मुंबईत कूपरेजवर येणारा प्रेक्षक बहुधा कचेरी सुटल्यावर येई आणि सामना संपताच विरार किंवा कल्याणची गाडी पकडी. संघाचे नाव त्याच्या गावाचे नव्हते, किंबहुना त्याच्या शहराचेही नव्हते.

उत्तरकाल : २०११ मध्ये जेसीटीचा संघही बंद झाला. मुंबई एफसी व पुणे एफसी हे संघ २००७ मध्ये स्थापन झाले होते. त्यांच्या नावांत शहरे होती, मात्र मालकी उद्योगसमूहांचीच होती. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरे स्थान मिळविणारा पुणे एफसी २०१५ च्या सुमारास आणि मुंबई एफसी २०१६-१७ च्या हंगामानंतर विसर्जित झाला. यावरून केवळ नाव बदलणे पुरेसे नसते हेही ध्यानात येते. गोव्यातील धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या संघांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील लीगमधून माघार घेतली. पण त्यांना निदान गोव्यातील स्थानिक स्पर्धांचा आधार होता.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर मुंबई सिटी एफसी हा संघ आला. २०१९ मध्ये त्याचा ६५ टक्के भाग इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी क्लबच्या मालक समूहाने विकत घेतला. याच समूहाने २०१४ मध्ये योकोहामा एफ. मारिनोसमध्येही काही भाग घेतला होता. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये लीग ढाल व चषक दोन्ही जिंकले.

महिंद्रा युनायटेडमधून बाहेर पडलेल्या खेळाडूंचे कार्य अधिक टिकाऊ ठरले. डेरिक परेरा यांनी पुढे पुणे एफसीचे प्रशिक्षकपद सांभाळले. खलिद जमील यांनी मुंबई एफसीला अनेक वर्षे प्रशिक्षण दिले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मिझोराममधील ऐझॉल एफसी या छोट्या शहराच्या संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील यांची भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली.