ग्रामीण श्रोता मंडळ (रेडिओ)
गावकऱ्यांनी नभोवाणीचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि जमेल ते गावात करून पाहावे, यासाठी उभारलेला गट. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या मराठी भाषक पाच जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत हा प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे. मंडळांचे प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या प्रक्षेपणात मिळत. प्रयोगाचे खरे बळ या परतीच्या वाटेत होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी मूल्यमापन केले. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे व रेडिओच नसलेली गावे यांची तुलना झाली. मंडळांच्या गावांत ज्ञान लक्षणीय वाढले. नुसत्या रेडिओने फारसा फरक पडला नाही. संच चावडीवर ठेवला म्हणजे जागृती झाली, हा सरकारी भाबडेपणा तेथेच उघडा पडला. काही मंडळे तर विहिरी, खतखड्डे यांसारख्या कामांचे निर्णय घेऊ लागली. निरक्षरांनाही चर्चेत भाग घेता आला. स्त्रिया मात्र बहुतेक बाहेरच राहिल्या.

१९५९ पासून योजना देशभर नेण्यात आली. पुण्यातील यशामागे निवडक, उत्साही संघटकांचा सततचा पाठपुरावा होता. विस्तारात तो सर्वत्र टिकला नाही.